चिंचणीच्या कोर्टावरचे बोंबील

चिंचणी,
मंगळवार, संध्याकाळी साडेचार

तीर्थरूप पुष्पाआत्येस,

नविनचा साष्टांग नमस्कार. (लांबूनच घालतो आहे. उंबरगावला येऊन घातला असता तर तू आधी कान धरला असतास आणि आशीर्वादाचं नंतर बघितलं असतंस.) तुझे गुडघे कसे आहेत? भाविनी आणि बाळ दोघं सुखरूप असतील. बाळाचं नाक आपल्या घराण्यावर गेलंय असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हा बिचाऱ्याला आत्तापासून सांभाळा. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे माझ्याखेरीज सगळे.

फोन न करता पत्र का लिहितोय हे तू विचारशीलच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे मी काही बोलायच्या आत भाविनीच्या सासूबाई उत्तर देतात. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर ते निलमवहिनी आधी वाचतात, कारण तुझ्या नंबरचं व्हॉट्सॲप तुझ्या सुनेच्या मोबाइलमध्ये आहे. म्हणून हे पत्र. उद्या पहाटे तुक्या मासळीचा टेम्पो घेऊन उंबरगावच्या बाजाराला येईल, त्याच्याबरोबर धाडतो आहे. सातवीपर्यंत शिकलीयेस, चष्मा लाव आणि स्वतः वाच. भाविनीला वाचायला देऊ नकोस.

तू दसऱ्याआधी गेलीस तेव्हा तुला एवढंच ठाऊक होतं की नविनला बास्केटबॉलच्या टीममध्ये मॅनेजरची नोकरी लागली. तू साऱ्या गल्लीत साखर वाटलीस. आता ती नोकरी काय आहे ते ऐक. आपल्या डहाणूचे हार्दिकशेठ, ज्यांच्या बोर्डीला चिकूच्या वाड्या आहेत, त्यांनी किनारा प्रो लीगमधली एक टीम विकत घेतली. टीमचं नाव डहाणू थंडर्स. थंडर म्हणजे ढगांचा गडगडाट, पण जर्सीवर चित्र आहे चिकूचं. चिकूला भुवया काढल्या आहेत, त्या रागाने आकसलेल्या आहेत, आणि दोन्ही बाजूंनी दंड फुगवलेले हात आहेत. पहिल्यांदा पाहिल्यावर आमच्या एका खेळाडूने मला बाजूला घेऊन विचारलं की हा बटाटा आहे का.

पुढच्या महिन्यात सीझन सुरू होतो आणि पहिलाच सामना आपल्या चिंचणीत आहे. तोपर्यंत तयारीचं शिबिर. बारा खेळाडू बोर्डीला शेठच्या वाडीतल्या खोल्यांत राहतात, दुपारी बसने इथे येतात, अंधार पडायच्या आत परत जातात. खाण्यापिण्याचं शेठनं स्वतः ठरवलंय. सकाळी चिकूचा शेक, सरावानंतर चिकूचा शेक, झोपताना सुका चिकू. खेळाडूंनी हात जोडून अंडी मागितली तर शेठ म्हणाले, "नविनभाई, टेन्शन नको लेऊ, चिकूमा बधूच छे, सगळं आहे चिकूत." पहिल्या आठवड्यात अर्धी टीम मैदानावर कमी आणि खोल्यांच्या मागच्या बाजूला जास्त होती. शेवटी अंडी मी माझ्या जबाबदारीवर चालू केली आणि शेठना अजून सांगितलेलं नाही.

पण चिकू हा डोक्याला ताप नव्हे. खरा ताप कोर्टाचा आहे. हे कोर्ट शेठनी मे महिन्यात बांधलं ते बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून. जागा त्यांच्या आजोबांच्या नावावर आहे, कागद पक्का आहे. पण त्या जागेवर आपल्या बायका तीन पिढ्या मासळी सुकवत आल्या आहेत, ही गोष्ट कागदावर नाही. शिवाय मासळी सुकवायला सिमेंटचा ओटा देऊ असं प्रत्येक निवडणुकीत कोणी ना कोणी सांगून गेलेलं आहे. त्यामुळे मे महिन्यात तिथे सिमेंटचा कोबा होताना दिसला तेव्हा आपल्या बायकांनी काय समजायचं ते समजून घेतलं, आणि कामगारांना रोज कोकम सरबत पाजलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण सोनूबाई फुकट कोणाला पाणीसुद्धा पाजत नाहीत.

उद्‌घाटनाला (ते तू गेल्यावर झालं) शेठनी माझ्या हातात माईक दिला. आत्या, माईक हातात आला की माणसाचं काय होतं ते तू सरपंचांच्या बाबतीत पाहिलंच आहेस. मी म्हणालो, "हे कोर्ट शेठचं नाही, टीमचं नाही, हे तुमचंच आहे, आपल्या गावाचं आहे!" एवढ्या टाळ्या माझ्या आयुष्यात मला कधी मिळाल्या नव्हत्या. पुढच्या रांगेत बसलेल्या बायका उभ्या राहून वाजवत होत्या. त्या का वाजवत होत्या हे मला दोन दिवसांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून पेंटर आला आणि त्याने निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषा मारल्या. तुला कल्पना यावी म्हणून सांगतो. मधोमध एक रेघ, तिच्यावर एक गोल. दोन्ही टोकांना बास्केटखाली एकेक मोठी चौकट. त्या चौकटीच्या पुढच्या रेषेवर उभं राहून जो चेंडू टाकतात त्याला फ्री थ्रो म्हणतात. कोणी मध्ये येत नाही, कोणी अडवत नाही, फक्त तू आणि बास्केट. त्या चौकटीला वेढून एक मोठी कमान, तिला तीन पॉइंटची रेषा म्हणतात. रेषा संध्याकाळी वाळल्या. सकाळी सातला मी कोर्टावर गेलो तर तिथे चाळीस बायका, आणि प्रत्येक खणात कोणाची तरी टोपली. पेंटरने जागा वाटून दिल्या आहेत अशी सगळ्यांची बालंबाल खात्री! मधला गोल रघ्याच्या घरचा. कमानीच्या आतला भाग चार घरांत. समुद्राकडची बास्केटखालची चौकट सोनूबाईंची, कारण त्या पहाटे पाचला येऊन बसल्या होत्या.

मी सांगितलं की या खेळाच्या रेषा आहेत. सोनूबाई म्हणाल्या, "खेळायला एवढे खण कशाला लागतात रे? चेंडू काय खणात सुकत घालनार?" मी म्हणालो, लीगच्या पुस्तकात असंच आहे. त्या म्हणाल्या, "मंग पुस्तकवाल्याला बी कळतंय, पन तुला नाय कळत." मागून कोणीतरी माझ्या भाषणातलं वाक्य मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मी हात टेकले. शेवटी तोडगा निघाला की सकाळपासून चारपर्यंत कोर्ट मासळीचं आणि चारनंतर टीमचं. शेठना मी सांगितलं की चारपर्यंत सिमेंट तापलेलं असतं, खेळाडूंच्या पायाला चांगलं नाही. (हे खोटं नाही. सिमेंट तापतंच.)

तोडगा निघाला असं वाटलं तर तक्रारी सुरू झाल्या. एकीचा खण कोपऱ्यात निमुळता आहे. दुसरीला कमानीमुळे जागा गोल मिळाली, आणि जवळा सुकवायची चटई चौकोनी असते, त्यामुळे कडा वाया जातात. तिसरीने विचारलं की तीन पॉइंटची रेषा अडीचवर आणता येईल का. आठ दिवस माझ्या दारात रांग. मी ठणकावून सांगितलं की रेषा लीगच्या आहेत, त्या बोटभरसुद्धा हलणार नाहीत, खुद्द शेठ आले तरी हलणार नाहीत. मग सगळ्या गप्प बसल्या. नारळ फोडला, पहिले बोंबील चढले, आणि तुला माहीतच आहे, एकदा नारळ फुटला की शिमग्यापर्यंत कोणाच्या जागेला कोणी हात लावत नाही. जिची जागा तिनेच सोडली तर सुटते, नाहीतर नाही.

आमचे कोच ढोमणे सर नागपूरचे. माणूस गुणी आहे, देशासाठी खेळलेला, पण समुद्र त्यांनी याआधी फक्त सहलीला पाहिलेला. ते पहिल्या दिवशी चारला पाच मिनिटं असताना आले. एका बास्केटच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोरी, आणि दोरीवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले हजारभर बोंबील. सरांनी एक जोडी बोटाने ढकलून पाहिली. मग मला म्हणाले, "हे काय होऊन राहिलं बे?" मी म्हणालो, सर, वाळताहेत. त्यावर त्यांनी कपाळावर हात मारला आणि खाली बसले, नेमके जवळ्याच्या चटईवर.

आता रोज चारला बायका मासळी काढतात, झाडतात, तरी खवले राहतातच. खेळाडू घसरतात. चेंडूला वास येतो, हाताला येतो, बसला येतो. बोर्डीची सगळी मांजरं बसची वाट बघत फाटकात बसतात. मागच्या रविवारी आम्ही सरावाचा सामना खेळायला बाहेरगावी गेलो, तर समोरच्या टीमच्या खेळाडूंनी आमच्या पोरांना अडवायला जवळच येणं सोडून दिलं. आम्ही तो सामना जिंकलो. ढोमणे सरांनी त्या दिवसापासून वासाची तक्रार केलेली नाही.

हे सगळं मी निभावून नेलं असतं. पण आता लाहूचं प्रकरण आलंय आणि तिथे माझी झोप उडाली आहे. लाहू सायवनचा. सहा फूट पाच इंच, चोवीस वर्षांचा, बोलायला अगदी कमी. वडील रामाभाऊ मिळेल त्या मजुरीला जातात, आई धाकलीबाई भात लावायला. एका शिबिरात सरांनी त्याला पाहिलं आणि उचललं. सायवनच्या दुकानात त्याचा जर्सीतला फोटो लावलाय, त्या चिकूसकट. हा पोरगा फ्री थ्रोला पहिल्या दिवसापासून दहात नऊ. डोळे मिटून टाकला तरी आत. सरांनी सांगून टाकलं होतं की सामना अटीतटीचा झाला की चेंडू लाहूकडे द्यायचा.

आणि मग काय व्हावं? समुद्राकडच्या बास्केटला दहात नऊ, आणि भिंतीकडच्या बास्केटला दहात दोन! तोच हात, तोच चेंडू. चेंडू रिंगच्या अलीकडेच मान टाकतो. बाकीच्यांचंही तसंच, पण ते आधीपासूनच दहात पाचवाले असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. लाहूचं मात्र साऱ्यांच्या डोळ्यांवर आलं. सरांनी रिंगची उंची मापली, दोन्हीकडे दहा फूट बरोब्बर. वारा कुठून येतो ते पाहायला खांबाला रिबीन बांधली. रिंग बदलली. चेंडू बदलले. हार्दिकशेठनी वास्तूवाला आणला, त्याने भिंतीकडे आरसा लावायला सांगितला. त्या आरशात सोनूबाई रोज दुपारी केस विंचरतात. निलमवहिनींनी लाहूची दृष्ट काढली, मिरच्यांचा ठसका सगळ्या टीमला लागला आणि त्या दिवशी सराव झाला नाही. लाहू आणखी कोमेजला.

मागच्या शुक्रवारी लीगचे तपासणीस आले. कोर्ट मापायला टेप काढली आणि बघतात तर सगळीकडे मासळी. (ते अकराला आले. चारनंतर या असं मी तीनदा कळवलं होतं.) येत्या शुक्रवारी पाचला परत येतो म्हणाले. एकूण एक माप घेणार, आणि एखादं जरी चुकलं तर चिंचणीचा सामना दुसऱ्या शहरातल्या हॉलमध्ये हलवणार. शनिवारी टीमची शेवटची यादी जायची आहे. काल ढोमणे सर मला म्हणाले की काळजावर दगड ठेवून लाहूचं नाव काढतोय, अर्ध्या कोर्टावर खेळणारा माणूस घेऊन सीझन कसा काढू?  लाहूने तर पंधरा दिवसांपूर्वीच मला विचारलं होतं, "सर, माझा हात बिघडला का?" मी म्हणालो, नाही रे, सराव कर.

असो. मी तुला उगाच त्रास देतोय. तू तिकडे बाळंतिणीच्या मागे, तुझी कामं काय कमी आहेत? गुडघ्याला तेल लाव. बाळाला माझा पापा दे. वाकडं नाक लपून जाईल असं एखादं टोपडं शिव.

तुझा आज्ञाधारक भाचा,
नविन

ता. क. आत्या, वर सगळं लिहिलं, एक राहिलं. बोटभरसुद्धा हलणार नाहीत असं ज्या रेषांबद्दल मी गावाला सांगितलं, त्यांतली एक मीच हलवली. भिंतीकडची फ्री थ्रोची रेषा. ती चौकट तुझी आहे. त्या दिवशी निलमवहिनींना यायला उशीर झाला आणि तुझ्या वाट्याला भिंतीच्या सावलीची जागा उरली. तिथे दहा वाजेपर्यंत ऊन येत नाही. तू इथे असतीस तर सोनूबाईंच्या आधी, पहाटे चारला येऊन बसली असतीस हे मला माहीत नाही का? आई गेल्यावर याच बोंबलांवर तू मला शिकवलंस, आणि मी मॅनेजर असताना तुला सावलीतली जागा मिळावी हे मला बघवेना. म्हणून नारळ फोडायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले असताना उरलेला रंग घेऊन गेलो. जुनी रेषा निळ्यानं पुसली, नवी हातभर पुढे मारली. त्या रेषेला लागून असलेलं अर्धवर्तुळसुद्धा दोरीला खडू बांधून नवं काढलं, फार सुरेख आलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की आत्याला हातभर जागा जास्त मिळाली. त्या रेषेवर उभं राहून कोणीतरी चेंडू टाकणार आहे हे, आत्या, बास्केटबॉलच्या टीमच्या मॅनेजरच्या डोक्यात आलं नाही.

ता. क. २. तर ती हातभर जागा मला सोड. निलमवहिनींना मी आडून विचारलं, त्या म्हणाल्या, आईंना विचारल्याशिवाय टाचणीभर जागा द्यायची नाही, आणि कडेला दगड मांडून ठेवले. तू एक शब्द सांगितलास तर त्या दगड उचलतील. बदल्यात माझ्या घराची गच्ची घे, दिवसभर ऊन असतं, जिना मी धुऊन ठेवीन. तुक्याकडे नुसतं "हो" म्हणून पाठव, गुरुवारी दुपारी मी रंग घेऊन जातो.

ता. क. ३. पाकीट बंद करायला बसलो होतो, तेवढ्यात कोर्टावरून आरडाओरडा ऐकू आला म्हणून धावलो. भिंतीकडच्या बास्केटला लाहूने दहात नऊ टाकले होते. ढोमणे सर त्याला मिठी मारायला उड्या मारत होते, सरांचं डोकं त्याच्या खांद्यालाही पोचत नव्हतं. कळलं ते असं की गेले बारा दिवस हा पोरगा रोज पहिल्या एसटीने बोर्डीहून येतो आणि बायका मासळी पसरायच्या आत दोनशे फ्री थ्रो टाकतो, तेही भिंतीकडेच. हात त्या रेषेवर बसवलाच त्याने. सर म्हणाले, याचं नाव यादीत सगळ्यांत वर. लाहू माझ्याकडे आला आणि पाया पडायला वाकला. म्हणाला, "तुमी बोलले सराव कर, म्हणून झाला."

मी त्याला वाकू दिलं, आत्या. 

आता रेषा मागे घेतली की त्याचा चेंडू रिंगच्या पलीकडे जाणार आणि त्याला पुन्हा वाटणार की हात बिघडला. रेषा तर घ्यावीच लागेल. पण आधी त्याला सांगायला हवं की हात कधीच बिघडला नव्हता. शाळेत मी भिंतीवरचा नकाशा फाडला तेव्हा हेडमास्तरांना सांगायला तूच गेली होतीस, मी बाहेर चिंचेच्या झाडामागे होतो. हेही तूच सांग. या वेळी मी तुझ्या शेजारी उभा राहीन, त्याने मला काही म्हटलं तर ऐकून घेईन. म्हणून "हो" पाठवू नकोस, तूच ये. गुरुवारी सकाळी तुक्याचा टेम्पो उंबरगावहून रिकामा परततो, त्याला पुढची सीट पुसून ठेवायला सांगितली आहे.